डिप्रेशन ग्लास: जुनं कोणतं, मागाहून काढलेलं कोणतं, आणि हातात घेतल्यावर काय बघायचं

रानजाई

क्लीव्हलंडजवळ पुढच्या शनिवारी एक इस्टेट सेल आहे, म्हणजे एका घरातलं सगळं सामान विकायला काढलंय. यादीतल्या तीन गोष्टींबद्दल इथल्या जाणकारांना विचारायचंय.

१. गुलाबी काचेची झाकणाची बरणी. उभ्या पट्ट्या आणि मध्ये गुलाबाचे झुबके. चिठ्ठीवर ‘मेफेअर कुकी जार’ लिहिलंय.
२. आठ हिरव्या बशा. कडेच्या नक्षीत नाचणाऱ्या बाईची छोटी आकृती, ‘कॅमिओ’ असं म्हटलंय.
३. नारिंगी-सोनेरी झाक असलेला वाडगा, त्यावर द्राक्षांचे घोस. बुडाला गोलात ‘एन’ अक्षर आहे म्हणे.

अशा सेलमध्ये वस्तू हातात धरायला फार तर दोन-चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात नेमकं काय तपासावं? यूव्ही टॉर्च न्यावा का? घेतलंच तर यातलं काही पुण्याला न्यायचंय, तेव्हा पॅकिंगबद्दलही सांगा.

बिलोरी

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. डिप्रेशन ग्लास हा अमेरिकेतल्या महामंदीच्या काळातला स्वस्त, यंत्रावर दाबून काढलेला माल आहे. १९२०च्या दशकाच्या शेवटापासून साधारण १९४०पर्यंत हॉकिंग, जेनेट, फेडरल, हेझल-अॅटलस, इंडियाना, मॅकबेथ-इव्हान्स अशा कारखान्यांतून तो भरमसाट निघाला. ओट्सच्या डब्यात बशी, सिनेमाच्या तिकिटावर कप, पेट्रोल पंपावर पेला, असा तो घरोघरी गेला. त्यामुळे बारीक बुडबुडा, साच्याची जाड शिवण, पृष्ठभागावर केसासारखी वळी हे दोष नव्हेत, ते तसंच निघायचं. त्या वळीला तिकडे ‘स्ट्रॉ मार्क’ म्हणतात आणि नवशिके तिला तडा समजून वस्तू खाली ठेवतात. ओळखायची रीत अशी: तडा उजेडात फिरवला की एका कोनात आरशासारखा लखकन चमकतो, वळी चमकत नाही. शिवाय वळीवर नख अलगद सरकतं, तड्यावर अडतं.

आता तुमची बरणी. मेफेअर ही हॉकिंगची नक्षी, ओहायोतल्या लँकेस्टरची, १९३१ ते १९३७. हिच्या नकला १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून निघाल्यात आणि बरणी हे त्यांचं आवडतं गिऱ्हाईक. झाकण बाजूला ठेवा आणि बरणी पालथी करा. जुन्या बरणीच्या बुडाला साच्याचं एक गोल कडं उमटलेलं असतं, व्यास पावणेदोन इंच. नव्या बरणीचं बूड साफ गुळगुळीत आणि नको इतकं जाड. मग डोळे मिटून बाहेरच्या नक्षीवरून बोटं फिरवा. जुन्यात गुलाब बोटाला उठावदार लागतो, नव्यात तो इतका पुसट असतो की जवळजवळ लागतच नाही. या दोन खुणा जुळल्या की बरणीचा निकाल लागला.

रंगही बघा. जुनं मेफेअर गुलाबी, फिकट निळं आणि पांढरं (म्हणजे बिनरंगी, आरपार दिसणारं) मिळतं, हिरवं आणि पिवळं क्वचित. गडद कोबाल्ट निळी किंवा जांभळी बरणी समोर आली तर पालथी करायचीही गरज नाही.

चिमणपाखरू

बिलोरींच्या उत्तरात एक भर. बरणी खरी जुनी निघाली तरी आतली कड तपासायची राहते. झाकण बसतं ना, त्या खाचेवर वर्षानुवर्षं काचेवर काच आपटलेली असते. तिथे लहान लहान टवके रांगेने असतात आणि झाकण लावलेलं असलं की एकही दिसत नाही. तर्जनी आतल्या कडेवरून सावकाश पूर्ण गोल फिरवा. हात कापण्याची भीती असेल तर नायलॉनचा पातळ मोजा कडेवरून ओढा, जिथे धागा अडकेल तिथे टवका. मग झाकणाची खालची कड आणि झाकणाचं बोंड.

झाकण मूळचंच आहे ना, हेही बघून घ्या. गुलाबी रंगाच्या छटा कारखान्यात रोज थोड्या बदलत. नारिंगीकडे झुकणारी बरणी आणि निळसर गुलाबी झाकण अशी जोडी असेल तर ती मागाहून जमवलेली. तसं असणं गुन्हा नाही, पण किंमत त्याप्रमाणे कमी व्हायला हवी.

रानजाई

मनःपूर्वक आभार. बशांचं काय? आणि मेफेअरचा छोटा व्हिस्कीचा पेलाही त्याच टेबलावर आहे असं फोटोत दिसतंय.

बिलोरी

त्या पेल्यापासूनच या नक्षीची नक्कल सुरू झाली, १९७७च्या सुमारास. दीड औंसाचा, सव्वादोन इंच उंचीचा. त्यावरच्या गुलाबाचा देठ बघा. जुन्या पेल्यावर देठ बुडाशी दुभंगून त्याच्या दोन फांद्या होतात, नव्यावर एकच सरळ देठ असतो. भिंग न्या, नक्षी अगदी इवली असते.

कॅमिओ हीसुद्धा हॉकिंगचीच, १९३० ते १९३४. मोठ्या बशांबद्दल फार घाबरू नका. नकला निघाल्या त्या मीठदाणी-मिरीदाणीच्या, आणि तिथे नक्षी फारच पुसट येते. लहान मुलांच्या खेळातला कॅमिओ सेट मात्र कितीही गोड दिसला तरी जुना नाही. मूळ कारखान्याने तो कधी काढलाच नव्हता, ती सगळी नंतरची कल्पना.

बशांमध्ये माप महत्त्वाचं. सहा इंची शर्बेटच्या (आइस्क्रीमसारख्या गोडाच्या) वाटीखालची, आठ इंची दुपारच्या जेवणाची, साडेनऊ इंची रात्रीच्या जेवणाची. विक्रेते सर्रास आठ इंचीला ‘डिनर प्लेट’ म्हणून मोकळे होतात. खिशात मापाची फीत ठेवाच. तीन कप्पे पाडलेली बशी असेल तर ती वेगळी, तिला ‘ग्रिल प्लेट’ म्हणतात.

आणि बशी सपाट धरून वरून बघू नका. दिव्याच्या उजेडात डोळ्याच्या पातळीला आडवी धरा. सुरीचे ओरखडे तेव्हाच दिसतात. मध्यभागी थोडे असणारच, पण धुकं आल्यासारखी जाळी झाली असेल तर सोडून द्या. ओरखडा कशानेही जात नाही.

कंदील

अवांतर वाटेल, पण मला नेहमी प्रश्न पडतो: कारखान्याची खूण नसते का? आपल्याकडे कंदिलाच्या काचेवरसुद्धा नाव असायचं.

बिलोरी

अवांतर नाही, नेमका प्रश्न आहे. बहुतेक डिप्रेशन ग्लासवर खूणच नाही, नक्षी हीच सही. काही वस्तूंवर आढळतात त्या अशा: फेडरलची ढालीत एफ, हेझल-अॅटलसची मोठ्या एचच्या पायात ए, अँकर हॉकिंगची नांगर आणि एच. हॉकिंग आणि अँकर कॅप यांचं एकत्रीकरण १९३७चं, म्हणजे नांगराची खूण असली तर वस्तू त्यानंतरची.

खूण फसवतेसुद्धा. हायसी हा ओहायोतल्या नेवार्कचा कारखाना, १८९६ ते १९५७, खूण चौकटच्या आकारात एच. तो बंद पडल्यावर १९५८मध्ये साचे इम्पीरियल या दुसऱ्या काच कारखान्याने घेतले आणि पुढची काही वर्षं तो एच साच्यांत तसाच राहिला. म्हणून एकट्या खुणेवर भिस्त ठेवू नये. रंग, कड, वजन सगळं जुळायला हवं.

हायसी, केंब्रिज, फोस्टोरिया हा माल मुळात डिप्रेशन ग्लास नव्हेच. त्याला ‘एलिगंट ग्लास’ म्हणतात. साच्यातून निघाल्यावर हाताने कड झळीवर धरून मऊ केलेली असते, बूड घासून सपाट केलेलं असतं, कडेवर शिवण बोटाला लागत नाही. बोट फिरवून हा फरक एकदा कळला की डोळे मिटूनही सांगता येतो.

मोरचूद

यूव्ही टॉर्चबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याबाबत फार गैरसमज आहेत.

टॉर्च जरूर न्या. ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त मिळतो आणि चालतो. ३६५ नॅनोमीटरचा, काळ्या गाळणीचा असेल तर अधिक चांगला, कारण जांभळा उजेड कमी पसरतो आणि काचेची स्वतःची चमक स्वच्छ दिसते. युरेनियम असलेली काच भडक हिरवी पेटते, कच्च्या लिंबापेक्षाही भडक. मँगनीज असलेली पांढरी काचही हिरवट चमकते, पण मंद. फरक असा ओळखा: टॉर्च दोन फुटांवर न्या. युरेनियम तिथूनही उजळतं, मँगनीजची चमक विझत जाते. कॅडमियम-सेलेनियमची काच पिवळी-केशरी चमकते, ती तिसरीच गोष्ट.

आता मुख्य मुद्दा. चमकली म्हणजे जुनी, हे साफ चूक. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापासून १९५८पर्यंत युरेनियमवर सरकारी ताबा होता, तेवढ्या काळात काचेत ते जवळजवळ बंद झालं. पण नंतर पुन्हा सुरू झालं. ओहायोतल्या केंब्रिज गावचा मोसर कारखाना आजही दाबकामाची काच काढतो आणि युरेनियमची काचही त्याने काढलीय. त्यांची बरीच भांडी जुन्या नक्षींसारखी दिसतात. काहींवर एम अक्षर असतं, कधी ओहायो राज्याच्या नकाशाच्या रेषेत. पण खूण नसलेली मोसरचीही भांडी असतात.

उलटही खरं आहे. त्या काळची हिरवी काच चमकली नाही म्हणून ती नकली ठरत नाही. हिरवा रंग लोह आणि क्रोमियमनेही येतो. तुमच्या आठ कॅमिओ बशांपैकी पाच चमकल्या आणि तीन नाही, असं झालं तरी आठही जुन्या असू शकतात. वेगवेगळ्या दिवसांचा माल, इतकंच.

सातारी_वाट

मोरचूद, युरेनियमच्या भांड्यात खाल्लेलं चालतं का? घरात लहान मुलं असतील तर ठेवावं का?

मोरचूद

कपाटात ठेवायला काहीच हरकत नाही. काचेतलं युरेनियम सहसा वजनाने दोन टक्क्यांच्या आत असतं आणि त्यातून निघणारे अल्फा कण हवेत काही सेंटिमीटर अंतरातच थांबतात. खाण्याबद्दल माझं मत: सुकं, क्षणभरासाठी ठीक. लोणचं, लिंबाचं सरबत, व्हिनेगर असलं आंबट त्यात साठवून ठेवू नका, कारण आम्लाने काचेतले धातू थोडे थोडे सुटतात. टवका उडालेलं भांडं खाण्यापिण्याला अजिबात वापरू नका आणि ते घरी घासू-पॉलिश करूही नका, धूळ नाकात जाते. रंगवलेल्या कडेच्या भांड्यांना हीच काळजी दुपटीने घ्या. जुन्या रंगांत शिसं आणि कॅडमियम असतं आणि ओठ नेमका तिथेच लागतो.

चिमणपाखरू

नकलांची आणखी काही उदाहरणं लिहून ठेवते, शनिवारी दुसऱ्या टेबलांवर उपयोगी पडतील.

चेरी ब्लॉसम, जेनेटची, १९३० ते १९३९. घाटदार कडेचा पिचर असेल तर पालथा करून बुडावरच्या चेऱ्या मोजा. जुन्यावर नऊ, नव्यावर सात. पानंही वेगळी. जुन्या पानाची कड खऱ्या पानासारखी दातेरी आणि शिरा वाकड्यातिकड्या, नव्या पानाच्या शिरा माशाच्या काट्यासारख्या एकसारख्या.

अॅडम नक्षीचं लोण्याचं झाकण. झाकणावरचं पान भिंगातून बघा. जुन्यात बाजूच्या शिरा मधल्या शिरेला जाऊन मिळतात. नव्यात त्या अलीकडेच थांबतात.

मिस अमेरिका, मीठदाणी. झाकण काढून आत पेन्सिल उभी सोडा आणि बाहेरून धरून ताडून बघा. जुनीत पेन्सिल जवळजवळ तळापर्यंत जाते. नवीच्या तळाशी काचेचा जाड थर असतो.

माद्रिद. इथे गोष्ट वेगळी आहे. फेडरलने १९३२ ते १९३९ ही नक्षी काढली आणि १९७६मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीला स्वतःच ‘रिकलेक्शन’ नावाने पुन्हा काढली, अंबर रंगात, नक्षीत ७६ आकडा घालून. तो उघड, प्रामाणिक माल होता. पुढे साचे इंडियाना ग्लासकडे गेले, आकडा काढला गेला आणि निळा, गुलाबी, पांढरा असे रंग बाजारात आले. मेणबत्तीच्या स्टँडच्या खोबणीत बोट घाला. आत तीन उभे कंगोरे लागले तर नवं, जुन्यात ते नसतात.

हे सगळं पाठ करण्याची गरज नाही. ज्या दोन-तीन नक्षी खरंच आवडतात त्यांच्याच खुणा नीट शिकाव्यात. जे गोळा करायचं नाही त्याची माहिती डोक्यात राहत नाही.

मोरचूद

तिसऱ्या वाडग्याकडे अजून कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. तो डिप्रेशन ग्लास नाही, कार्निव्हल ग्लास आहे. त्याच्या आधीचा, आणि घडणही वेगळी.

काच साच्यात दाबली, ती अजून लाल गरम असताना तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारला, की पृष्ठभागावर पातळ थर बसतो आणि तेल सांडलेल्या पाण्यासारखे रंग खेळू लागतात. लोहाच्या क्लोराइडने सोनेरी-नारिंगी, कथलाच्या क्लोराइडने फिकट रुपेरी झाक. अमेरिकेतल्या टिफनी या नामांकित कारखान्याची अशी काच श्रीमंतांपुरती होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यम्सटाउनच्या फेंटन कारखान्याने १९०७च्या अखेरीस ही झाक दाबकामाच्या स्वस्त काचेवर आणली आणि वर्षभरात नॉर्थवूडही उतरला. ‘कार्निव्हल’ हे नाव मात्र कितीतरी नंतर, संग्राहकांनी दिलेलं.

हॅरी नॉर्थवूड हा इंग्लंडहून आलेला कारागीर. व्हीलिंगमधला त्याचा कारखाना १९०२पासून १९२५पर्यंत चालला. द्राक्षांची नक्षी म्हणजे बहुधा ‘ग्रेप अँड केबल’, त्याची सगळ्यात चाललेली. पण फेंटननेही जवळपास तशीच नक्षी काढली, तीवर खूण नाही. म्हणून तुमच्या वाडग्यावरचा एन नीट बघा. नॉर्थवूडचा एन सरळ असतो, खाली एक रेघ, बाहेर गोल. एल. जी. राइट कंपनीने नंतर काढलेल्या वस्तूंवर याच्याशी मिळतीजुळती खूण आहे, पण त्या अक्षराला एक जादा तिरकी दांडी असते, त्यामुळे ते वाकड्या डब्ल्यूसारखं दिसतं. पूर्वेकडून आलेल्या अलीकडच्या नकलांवर तर हुबेहूब एनही सापडतो, तेव्हा वजन बघा. काच गरजेपेक्षा जाड आणि बोजड असते, झाक पेट्रोलसारखी भडक.

कार्निव्हलचा रंग सांगायचा तो वरच्या झाकेवरून नव्हे. बूड किंवा पाया खिडकीशी धरा, जिथे फवारा पोचलेला नसतो. आरपार दिसणारा काचेचा रंग हाच खरा रंग. वरून नारिंगी दिसणारा वाडगा खालून पांढरा दिसला तर तो ‘मॅरिगोल्ड’, सगळ्यात सहज मिळणारा. खालून जांभळा, हिरवा, कोबाल्ट निळा असेल तर किंमत चढते. लाल तर फारच थोडा. तो मुख्यतः फेंटनने १९२०च्या दशकात काढला.

फेंटनने १९७०मध्ये कार्निव्हल पुन्हा सुरू केलं तेव्हा बुडात लंबगोलात ‘फेंटन’ हे नाव घातलं. नाव दिसलं म्हणजे जुनं म्हणून उड्या मारू नका, नाव असणं हीच ते नंतरचं असल्याची खूण आहे. नावाखाली बारीक ८ असेल तर १९८०चं दशक, ९ असेल तर १९९०चं.

कंदील

आपल्याकडे असलं काही बनलं का कधी?

मोरचूद

बनलं, आणि ते अमेरिकेतले संग्राहक आवर्जून शोधतात. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने मॅरिगोल्ड झाकेच्या फुलदाण्या आणि पेले काढले. हाताच्या आकाराची फुलदाणी, माशाची, हत्तीची. काही पेल्यांच्या बुडात इंग्रजीत ‘जैन’ हे नाव दाबलेलं असतं. काच अमेरिकन मालापेक्षा पातळ, त्यामुळे काठ लवकर जातात. कराडजवळच्या ओगलेवाडीचं नाव घेतलं की आपल्याला प्रभाकर कंदील आठवतो, झाकेची काच हा मुख्यतः फिरोजाबादचा प्रांत. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात अशी नारिंगी फुलदाणी कोपऱ्यात पडलेली असू शकते, विकणाऱ्याला ती साधी काच वाटते. बूड उलटं करून बघायची सवय तिथेही ठेवा.

सातारी_वाट

साफसफाईबद्दल एकमत होऊ दे. डिशवॉशरच्या हलक्या सायकलवर चालतं असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

चिमणपाखरू

कृपा करून नको. डिशवॉशरची पावडर अल्कधर्मी असते, ती गरम पाण्यात काचेचा पृष्ठभागच खाते. पाच-दहा वेळांनंतर जी दुधी झाक येते ती डाग नसते, तिथली काचच गेलेली असते. त्यावर उपाय नाही. कार्निव्हलवरची झाक आणि सोन्याची कड तर त्याहून लवकर उतरते.

धुण्याची पद्धत अशी. प्लॅस्टिकचा टब घ्या, स्टीलच्या सिंकमध्ये धुऊ नका. तळाला जुना टॉवेल दुमडून घाला. पाणी कोमट, हाताला जेमतेम उबदार. भांडं आधी घराच्या तापमानाला येऊ द्या, मगच पाण्यात घाला. ही काच भट्टीत फार काळजीने थंड केलेली नव्हती, आतला ताण अजून तसाच आहे, एकदम गरम पाण्याने ती बुडाशी तडकते. भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, नक्षीच्या खाचांना मऊ टूथब्रश. एका वेळी एकच वस्तू पाण्यात. अंगठी, बांगड्या काढून ठेवा.

क्षाराचा पांढरा थर असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, अर्धा तास. किंवा लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व. सोनेरी कड किंवा रंगकाम असेल तर यातलं काहीच लावू नका. अरुंद तोंडाच्या फुलदाणीत मूठभर कोरडे तांदूळ, साबणाचं पाणी, आणि हळू गोल हलवा. वाळू कधीच नको.

बिलोरी

याला जोडून विकत घेतानाची एक फार महत्त्वाची गोष्ट. धुरकट काच दिसली तर ती क्षाराने धुरकट आहे की ‘आजारी’ आहे, म्हणजे तिचा पृष्ठभागच खाल्ला गेलाय, हे आधी ठरवा. बोट ओलं करून त्या जागेवर फिरवा. दोन्ही प्रकारांत धुरकटपणा ओलं असताना नाहीसा होतो आणि वाळल्यावर परत येतो, म्हणून पाण्याची परीक्षा अर्धीच. नखाने खरवडून बघा. क्षार नखाला किंचित खरखरीत लागतो, त्याची पूड सुटते. आजारी काचेवर नखाला काहीच लागत नाही, कारण वर थरच नसतो.

याचाच फायदा घेऊन काही विक्रेते आतून खनिज तेल चोळून ठेवतात. तेलाने धुकं झाकलं जातं आणि फुलदाणी झगझगीत दिसते. महिन्याभराने धूळ बसली की खरं रूप बाहेर येतं. म्हणून फुलदाणी, डिकँटर, बाटली असेल तर आतून बोट घाला, टिश्यू फिरवा, वास घ्या. टिश्यूवर तेलकट डाग आला तर शांतपणे खाली ठेवा.

काठ घासून टवका काढलेली वस्तूही अशीच ओळखावी लागते. कारखान्यातून निघालेली कड किंचित गोलसर असते. घासलेली कड सपाट, तिच्या दोन्ही बाजूंना धार लागते, आणि नक्षी काठाच्या फार जवळ येऊन थांबल्यासारखी दिसते. उंची मोजा, एक-दोन मिलिमीटरने कमी भरते.

मोरचूद

आणि जांभळ्या काचेपासून सावध राहा. पहिल्या महायुद्धाआधीच्या पांढऱ्या काचेत मँगनीज घालत, ती वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर फिकट जांभळी होते. आता काहीजण तीच पांढरी काच किरणोत्सर्गाने मुद्दाम गडद जांभळी करून विकतात. वांग्याच्या सालीसारखा एकसारखा गडद रंग दिसला तर तो उन्हाने आलेला नाही.

दिव्याने रंग बदलणारी काच मात्र खरी असते. हायसीने १९३०च्या सुमारास ‘अलेक्झांड्राइट’ नावाने काढलेली काच दिवसाच्या उजेडात फिकट जांभळी आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसते, कारण तिच्यात निओडिमियम असतं. दुकानातल्या ट्यूबखाली ‘फिकी निळी’ म्हणून चिठ्ठी लावलेला पेला एकदा खिडकीशी नेऊन बघावा.

रानजाई

हे सगळं छापून पर्समध्ये ठेवतेय. आता पॅकिंग राहिलं.

सातारी_वाट

विमानाने न्यायचं असेल तर वस्तू हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. वजनाची मर्यादा एअरलाइननुसार बदलते, आधी बघून ठेवा. बशा सात-आठच जातील.

झाकण बरणीवर ठेवून कधीच बांधू नका. दोन्ही वेगळे गुंडाळा. बरणीच्या आत टिश्यू सैलसर भरा, ठासून नाही. आतून दाब आला तरी काच फुटते. काचेला आधी टिश्यू, मग फुगेवाली प्लॅस्टिक. फुगे थेट काचेवर नकोत, उष्णतेत कार्निव्हलच्या झाकेवर गोल गोल ठसे उमटतात. बशा आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, प्रत्येक दोनमध्ये जाड पुठ्ठा.

पोस्टाने पाठवायचं तर दोन खोकी. आतलं खोकं भरून बंद केल्यावर हलवून बघा, आवाज आला तर पुन्हा उघडा. बाहेरच्या खोक्यात सगळ्या बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर भरण हवं, तळालाही. बिलाची प्रत आत एक, तुमच्याजवळ एक.

चिमणपाखरू

शनिवारबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. इस्टेट सेलमध्ये शेवटच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी निम्म्या किमतीत देतात. बरणी खरी निघाली तर ती पहिल्याच दिवशी घ्या, ती रविवारपर्यंत थांबणार नाही. बशा थांबू शकतात.

रानजाई

शनिवारी जाऊन आले. बरणीच्या बुडाला कडं आहे, पट्टीने मोजलं, पावणेदोन इंच. नक्षी बोटाला लागते. आतल्या कडेवर दोन टवके, तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणून किंमत कमी करून मिळाली. पेल्यावर देठ एकच, तो तिथेच सोडला. बशा सगळ्या आठ इंची, ‘डिनर’ म्हणून लावल्या होत्या, सहा घेतल्या. वाडग्याचा एन सरळ आहे, खाली रेघ आहे, पण बूड खिडकीशी धरल्यावर काच पांढरी दिसत नाही, गडद जांभळी दिसते. वरून मात्र पूर्ण सोनेरी-नारिंगी. हे कसं?

मोरचूद

फवारा दाट बसला की वरून सोनेरीच दिसतं, चिठ्ठी लावणाऱ्याने वरूनच बघितलं असणार. तुमच्याकडे जांभळ्या काचेचा नॉर्थवूड असण्याची शक्यता बरीच आहे. बुडाचा, पाठीच्या बाजूच्या नक्षीचा आणि काठाचा असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाका, फ्लॅश न वापरता. वजनही किचनच्या काट्यावर करून लिहा. तोवर धुऊ नका, मऊ कोरड्या कापडाने फक्त धूळ टिपून घ्या.